दोन सूत पलीकडे

पुस्तकं वडील किलोवर आणायचे,
नाना पेठेतल्या रद्दीवाल्याकडून.
काट्यावर राजा आणि राक्षस एकाच भावाने.
पहिलं पान बहुधा नसायचंच.
असलं, तर मी आधी शोधायचे
किमतीच्या खाली, मुद्रकाच्या पत्त्याच्याही खाली,
मुंगीएवढ्या अक्षरांत :
चित्रे – इंदुमती आगटे.

आगटेबाई हत्ती नेहमी मागून काढायच्या.
ढुंगण, शेपटी आणि एवढासा कान.
बाकीचा हत्ती पान उलटून पुढे गेलेला.
मी उलटायचे. तिथे दुसरीच गोष्ट सुरू.
तो हत्ती मी अजून पुरा पाहिलेला नाही,
म्हणून अजून काढतेय.

द. ल. पावगींना हात जमत नसावेत.
त्यांची माणसं हात पाठीमागे धरतात,
पिठात बुडवतात, शालीत गुंडाळतात.
एक शिपाई तर अख्खी लढाई
खिशात हात घालून लढला.
चौथीत हे माझ्या लक्षात आलं
आणि इतकं बरं वाटलं,
तितकं पुढे कुणाच्या शाबासकीनेही नाही :
म्हणजे न जमणारी माणसंही
पुस्तकात जाऊ शकतात.

तिसऱ्याचं नाव नाही.
चित्रे, मग रेघ, मग चहाचा डाग.
दोनच रंग, निळा आणि शेंदरी,
आणि निळा रेषेच्या जरा पुढे सरकलेला.
मांजर इथे, तिचा रंग दोन सूत पलीकडे,
जणू उडी मारायचं रंगाला आधी सुचलं.
किती वर्षं मी तसंच रंगवलं.
बाई म्हणायच्या, रेषेच्या आत. आत, काकडे, आत!

पुढे शनिवार पेठेत एका प्रेसमध्ये लागले.
पुस्तक दाखवलं, तर मशीनवरचे बाबर हसले.
अहो, प्लेट हललीय ही. रजिस्टर चुकलंय.
त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

आता फ्लेक्सचं दुकान, दांडेकर पुलाजवळ.
दिवसभर भाऊंच्या मागचं आभाळ कापते,
दादांचा चष्मा सरळ करते,
शुभेच्छुकांची बावीस डोकी ओळीत लावते,
कुणाचं कुणाहून मोठं नको,
नाहीतर रात्री फोन येतात.
आणि शेवटी, सेव्ह करायच्या आधी,
खालच्या कोपऱ्यात एक हत्ती. मागून.
स्क्रीनवर तिळाएवढा,
फ्लेक्सवर वीतभर.

परवा सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला
मी रिक्षात, शेजारी स्कूटर,
स्कूटरवर पुढे उभं एक पोरगं
मीटरवर हनुवटी टेकून.
ते भाऊंकडे बघत नव्हतं.
बोट दाखवलं त्याने.
बाबांचं हेल्मेट वळलं नाही.
हिरवा लागला.
फ्लेक्स ओलांडताना पोरगं असं काही वाकलं
की बाबा ओरडले.
फ्लेक्सच्या पाठीमागे बघायचं होतं त्याला,
तोंड कुठेय हत्तीचं.
तिथे बांबू, सुतळी,
आणि मागच्या महिन्यातल्या कुणाचा तरी फाटका वाढदिवस.

रात्री भांडी झाल्यावर वहीत काढतेय त्याला.
हेल्मेट जमलं. स्कूटर जमली, आरसासुद्धा.
ते बोट मात्र
तीनदा गाजर झालं, एकदा भेंडी.
खोडरबराने कागद पातळ झाला,
पलीकडचा वाणसामानाचा हिशोब दिसायला लागला.
काय करू, पावगी?

थंडी काढते थोडी. डिसेंबर करते.
पोराला स्वेटर चढवते, थोरल्या भावाचा,
बाह्या लांब,
आत कुठेतरी बोट.
मग शेंदरी घेते,
जीभ दातांत धरून,
आणि स्वेटरच्या दोन सूत पलीकडे
लावते.