टिटवीला वळसा

शनिवारी सकाळी सहाला मी चुन्याची गाडी ढकलत मैदानात उतरतो.
ऑगस्टचं गवत, हिवाने करकरलेलं.
कागद गिरणीची चिमणी दोन वर्षं धूर सोडत नाही,
तरी तिच्यावरच नजर ठेवून मी रेष सरळ धरतो.
दुसरं सरळ असं ह्या गावात काय आहे?

यंदा कोपऱ्याच्या झेंड्याजवळ टिटवी बसली,
ऐन रेषेवर.
चार अंडी, मातीत मातीच्या रंगाची.
कायद्याने तिला हलवता येत नाही.
कायदा नसता तरी कोण हलवणार,
तिच्या पंखांना काटे असतात.
मी रेष हातभर वळवून घेतली.
पंच फर्गस मॅकिल्रॉयने तोंडातली शिट्टी काढली,
वळणाकडे बघितलं,
शिट्टी पुन्हा तोंडात घातली.

दुसरा विभाग.
वर पहिला. त्यांच्या न्हाणीत गरम पाणी येतं म्हणे.
आमच्या खाली कुणी नाही,
कुंपणापलीकडे मेंढ्या, त्यांना नियम माहीत नाहीत.
गोलकीपर ब्लागोया एकेचाळीसचा, पहाटे पाव भाजतो,
चेंडू धरतो तेव्हा बोटांच्या बेचक्यांत पीठ असतं.
माजोक इस्पितळातली रात्रपाळी उरकून थेट येतो,
मोजे गाडीतच चढवतो.

मंगळवारचा सराव मोटारींच्या उजेडात.
सात गाड्या ओळीने, तोंडं मैदानाकडे.
माजोकच्या गाडीचा एकच दिवा लागतो,
त्यामुळे त्या कोपऱ्यात आजवर
कुणाचाही उजवा पाय सुधारलेला नाही.

यंदा काय झालं कुणास ठाऊक,
आम्ही जिंकत सुटलो.

जूनपर्यंत गंमत वाटली.
जुलैत त्स्वेतांकाने खानावळीच्या खिडकीत वही उघडली.
वर जायचं तर चार खांब हवेत,
खांबांवर दिवे,
पोरांचे तीन संघ, पक्कं कुंपण, आणि एक रक्कम,
जी तिने वाचली नाही, नुसती बोटाने दाखवली.
ओरेस्ते म्हातारा म्हणाला, मग हरू या की.
कुणी हसलं नाही.
मोती जड आहे हे नाकाला कळतं,
पायांना कोण सांगणार?

शेवटचा सामना, एक-एक.
बरोबरी राहिली तर आम्ही तिसरे. तिसरे म्हणजे सुखरूप.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला माजोकला पाडलं
आणि फर्गसने ठिपक्याकडे हात केला,
जरा ओशाळूनच, मला वाटलं.

पेनल्टी ट्रायचेची. कप्तान, आणि त्स्वेतांकाचा मुलगा.
वहीतले आकडे त्यानेच जुळवून दिले होते.
चेंडू ठेवला.
खिडकीकडे बघितलं.
ती कांदे परतत होती. तिने चिमटा वर केला.
त्याचा अर्थ मार होता की मारू नको,
हे अजून कुणी सांगू शकत नाही,
ती तर मुळीच नाही.

चेंडूत हवा भरलेली असते, हिशेब नाही.
जाळं हललं.

मग ट्रायचे धावत सुटला कोपऱ्याकडे,
पोरं धावतात तसा, हात पसरून,
मागे दहाजण,
आणि टिटवी किंचाळत उभी राहिली, पंख उघडून.
तो माझ्या वळणावर वळला.
हातभर.
मागचे दहाही वळले, एकामागून एक,
आरडाओरडा करत, पण वळले.
एवढ्या वर्षांत माझी रेष इतकी नीट कुणी पाळली नव्हती.

खिडकीशी त्स्वेतांकाने फळा पुसला
आणि सॉसेजपुढे पन्नास सेंट जास्त लिहिले.

पाचला अंधार पडला. जाळी काढायची राहिली होती.
कुणी न सांगता सात गाड्या सुरू झाल्या.
तेरा दिव्यांत मी आकडे सोडवत राहिलो,
ब्लागोयाने शिडी धरली, शिडीला पीठ लागलं.
पुढच्या वर्षाबद्दल तो काही बोलला नाही.
म्हणाला, अंडी कधी फुटतील रे?
मी म्हटलं, बघू.