वेणी

एप्रिल. भिंतीला टेकवली पाठ तरी चटका बसेल असं नागपूर.
एक्स-रे खोलीतला कूलर
खसाचा वास कमी, गंजाचा जास्त टाकत होता.
पुष्पलता दुशिंग, वय बावन्न, मेकोसाबाग.
श्वास घ्या. धरा. सोडा.
एकोणतीस वर्षं मी माणसांशी एवढंच बोलतो.

आमच्या मिशन हॉस्पिटलात अजून फिल्मच.
उजव्या फुप्फुसाच्या माथ्याशी एक सावली आली,
लांबट, पीळ पडलेली.
डॉक्टरांनी पेनाने गोल केला,
कॅन्सरवाल्यांच्या नावे चिठ्ठी दिली.

अकरा दिवस बाई धड जेवली नाही.
मग जरीपटक्यातला तो हॉल, एरवी लग्नांचा,
स्टेजच्या कडेला आदल्या दिवसाचा झेंडू चिकटलेला,
आणि ब्रदर अमोसचा हात तिच्या डोक्यावर.
माईक किंचाळला. मागे कुणी अन्यभाषेत बोलू लागलं.
ती पडली, उठली, म्हणाली,
छातीत कोणी दिवा फिरवला बाप्पा.

सोमवारी दुसरी फिल्म. स्वच्छ.
उकाड्याने त्या दिवशी
तिने अंबाडा घातला होता.

रात्री खोलीला आतून कडी लावून
दोन्ही फिल्म उजेडावर लावल्या शेजारी शेजारी.
वेणी होती ती.
खांद्यावरून पुढे आलेली, ओली, घट्ट वेणी.
केस वर बांधा, हे सांगायचं असतं आधी.
शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं.
मी विसरलो. तारीख सतरा होती.
सतरा तारखेला मर्सी गेली.

मर्सीच्या चारही फिल्म मीच काढल्या.
तिलाही तेल लावलं, उपास झाले,
सात पाळक आले, एक तर थेट रायपूरहून.
सावली वाढतच गेली.
आणि दोष द्यायला वेणी नव्हती,
केस कधीच गळून गेले होते.

सदरच्या चर्चमधले आमचे रेव्हरंड म्हणतात,
घर उभं राहिलं की परांची काढतात,
ती दानं प्रेषितांबरोबर गेली.
ब्रदर अमोस म्हणतो,
देव काय पेन्शनीत निघाला का भाऊ?
रविवारी या, तुम्ही दोन्ही फोटो पाहिलेत, साक्ष द्या.
मी दोघांनाही हो म्हणतो.
लिफाफा माझ्या सायकलच्या कॅरियरला.

शेवटी तिलाच सांगितलं.
मेसच्या बाकावर, ती ठेच्याचा डबा घेऊन आली तेव्हा.
चूक माझी. तुम्हांला काही नव्हतंच.
तिने हात मागे नेऊन वेणी चाचपली,
चोराला पकडावं तशी.
बराच वेळ बोलली नाही.
फाटकाजवळ तिचा मुलगा उभा होता, भिलाईचा,
सात वर्षं ज्याने फोन उचलला नव्हता,
आईला बरं नाही कळलं आणि रातोरात आला,
आता रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालत.

म्हणजे काहीच नव्हतं?
काहीच नाही.
मग हा काऊन आला?

त्याची फिल्म निघत नाही, मी म्हणालो नाही.
डबा घेतला. ठेचा जहाल होता.
मर्सीसाठी आलं नव्हतं कुणी रातोरात,
मीच तर होतो तिथे, रोज.
हे कशात धरायचं, आलेलं की न आलेलं,
ते मला अजून ठरवता येत नाही.
रविवारी मी कुठल्याच चर्चला गेलो नाही.
फुटाळ्यावर बसलो, पाणी हललं नाही.
हललं असतं तर वाराच म्हटलं असतं मी.

आज सकाळी पहिलीच बाई, सत्तावीस वर्षांची.
केस वर बांधा, म्हटलं.
तिने दोन्ही हातांनी केस उचलले,
मान उघडी झाली, मानेवर घामाचा एक थेंब.
श्वास घ्या. धरा.

बटण दाबून झालं होतं.
ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी,
छाती भरलेली, वाट पाहत.
सोडा म्हणायचं राहूनच गेलं माझं.