उसवण

सुभान बारगळ दर मे महिन्यात
एकच पिशवी घेऊन परदेशीपुऱ्यात यायचा,
माझ्या दुकानाच्या फळीवर ती आपटायचा
आणि म्हणायचा, भिया, नवा मालक.

पिशवी गिरणीच्या कॅनव्हासची.
बाप रंगखात्यात होता, त्यानं कापड आणलं,
रंग ओल्या विटेचा.
शिवली मी. माझ्या उमेदवारीतलं
पहिलं सरळ आलेलं काम.

पहिला बिल्ला गोव्याचा, त्यावर मासा.
मग कोलकाता, शंख.
मग जालंधर, मग केरळ,
मग परत कोलकाता, पण शंखवाल्यांच्या
भिंतीपलीकडचे, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं.
जुना उसवू का, विचारलं की म्हणे,
नको, त्यावरच मार.
भाडेकरू बदलला म्हणून भिंत पाडतात का?
वरून चुना देतात.

सही होईस्तोवर तिथं म्हणे त्याला
एका मिठाईवाल्याच्या माडीवर
तीन दिवस कोंडला होता.
खाली गल्लीत दोन्ही क्लबांची माणसं,
आणि हा वर खिडकीत,
घरून नेलेलं जिरावन
संदेशवर भुरभुरून खात.
मला पटलं नाही कधी.
पण दर वर्षी सांग म्हणायचो.

चिमणबागेत पोरं त्याला बिनबुडाचा लोटा म्हणत,
तोंडावर नाही, पण ऐकू जाईल असं.
तो बुटाची नाडी बांधत म्हणायचा,
मी कुठं जातो रे, बॉल जातो.
मी आपला त्याच्या मागं.

एकच गोष्ट त्यानं एकदाच सांगितली.
माशावाल्यांविरुद्ध गोल मारला, एक्क्याऐंशीव्या मिनिटाला.
रेषेबाहेर त्यांचा कपडे धुणारा म्हातारा,
बाप्तिस्त, उपड्या बादलीवर बसलेला.
दोन वर्षं यानं मळवलेलं त्यानं धुतलेलं.
सगळे अंगावर धावून आले, गळ्यात पडले,
आणि हा खांद्यांच्या फटीतून म्हाताऱ्याकडे बघतोय.
बाप्तिस्तनं शिवी दिली नाही.
उठला, बादली उचलली, आत गेला.
बस, एवढंच.
सांगताना सुभान माझी कात्री
उघडत मिटत बसला होता.
मी म्हटलं, ठेव ती, धार जाते.

आठव्या बिल्ल्याला सोळा नंबरची सुई तुटली.
अठरा लावली. तीही कुरकुरली.
गुडघ्याचंही तेच चाललं होतं त्याच्या.

शेवटी आला तेव्हा मे नव्हता.
थंडी होती, मिलचा भोंगा थांबून
पोरांची लग्नं होण्याइतका काळ लोटलेला.
पिशवी आपटली नाही, ठेवली.
म्हणाला, सगळं उसव.

अख्खी दुपार गेली.
शंखाखाली चिकटलेला धागा
ब्लेडनं एक एक तोडावा लागला.
मासा निघाला तेव्हा दिवा लावला होता.
खाली पंजाएवढा तुकडा,
ओल्या विटेचा, जसाच्या तसा,
बाकी पिशवी कधीचीच राख झालेली.
आणि त्याच्याभोवती भोकं, नुसती भोकं,
भर पावसात मॅच झाल्यावर
चिमणबागेची जमीन असते तशी.

त्यानं वाकून वास घेतला.
काय आला, मी विचारलं नाही.
पैसे द्यायला लागला, मी घेतले.
आठ सुट्या बिल्ल्यांचं काय करू म्हटलं
तर तो पायरी उतरला होता.
माझ्या बटणांच्या डब्यात आहेत ते.
अंदाजानं हात घातला की मासा लागतो.

हल्ली तो त्याच पिशवीतून भाजी आणतो.
परवा पाटनीपुऱ्याच्या चौकात
पोह्याच्या गाडीवाल्यानं हटकलं,
भिया, आजकल कुठल्या टीममध्ये?
सुभाननं मुळ्याची जुडी आत कोंबली,
पाला बाहेरच राहिला.
सध्या मोकळा आहे, म्हणाला,
आणि रस्ता ओलांडायच्या आधी
दोन्हीकडे पाहिलं, तसं,
थ्रो घेण्यापूर्वी पाहायचा तसं.