हसण्यावारी

सहा भेटी मोफत, कंपनीच्या खर्चाने.
सातवीचं काय, ते फॉर्मवर लिहिलेलं नाही.

व्हर्नेल टोलेडोच्या एका इस्पितळात बिलं तपासते,
चौथा मजला, एकोणीस वर्षं.
पहिली भेट स्क्रीनवर झाली.
समोरचा मुलगा भला होता,
पाठीमागे शेल्फवर एक निवडुंग.
म्हणाला, ताणाला दहापैकी किती गुण द्याल?
ती म्हणाली, कोणत्या दिवशीच्या?
तो हसला. मग तीही हसली. सवयच ती.
सांगितलं त्याला, सोमवारी नव्या साहेबांनी
मला सफाईवाली समजून
सांडलेली कॉफी दाखवली.
कदाचित त्यांचा तसा हेतू नसेल, तो म्हणाला,
आणि मग चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर.
तिने मोजले. मोजण्यात तिचा हात कोण धरणार?
श्वास जुळला.
बाकी उरलीच.

दुसरी भेट ती रद्दच करणार होती.
डॉरिंडा मॅकेल्वीची खोली डॉर स्ट्रीटवर,
दातांच्या दवाखान्याच्या वर. जिना करकरतो.
हीटरवर कुणाचे तरी ओले मोजे वाळत घातलेले.
डॉरिंडाने फॉर्म पालथा ठेवला.
"त्या मजल्यावर आपल्यातल्या किती जणी?"
"मी. आणि संध्याकाळी केर काढायला येते ती लॉरेटा."
"जेवतेस कुणाबरोबर?"
"गाडीत."

बराच वेळ नुसता हीटर बोलत राहिला.

मग व्हर्नेल. आठवड्याच्या क्रमाने,
फायली लावाव्यात तसं:
सोमवारची ती कॉफी,
मंगळवारी न विचारता केसांत गेलेला हात,
बुधवारी तिचीच कल्पना दुसऱ्याच्या तोंडून, आणि टाळ्या,
गुरुवारी "किती शुद्ध बोलता हो तुम्ही",
शुक्रवारी काहीच नाही, तरी मान आखडलेली
येईल त्या कशासाठी तरी.
आणि हे सगळं नेलेलं हसण्यावारी.
तिच्या कॅलेंडरातला आठवा वार तो,
ज्याला कधी सुट्टी नसते.
सगळ्या वारांचे वार शेवटी
त्याच वारी जाऊन साचायचे.

"आई म्हणायची, कामावर रडू नकोस,
ते पगारातून कापतात."
"माझी म्हणायची, चर्चमध्ये रड,
ऑर्गनच्या आवाजात कळत नाही कुणाला."
दोघी हसल्या. फसफसून,
डॉरिंडाचा चष्मा नाकावरून घसरेपर्यंत.
हे हसणं मात्र कुठल्या वारी गेलं नाही,
तिथंच बसून राहिलं, मोज्यांशेजारी.

"त्या कॉफीचं काय केलंस?"
"पुसली."
"कशाने?"

व्हर्नेलने पर्स उघडली. किल्ल्या, कूपनं,
डोकेदुखीच्या गोळ्या, आणि सर्वांत खाली
घडी घातलेला रुमाल.
कोपऱ्यात व्ही, तिनेच भरलेला,
त्यावरून गेलेला तपकिरी डाग.
"धुतला नाही अजून," ती म्हणाली,
"का, ते विचारू नका."

डॉरिंडाने नाही विचारलं.
पालथा फॉर्म उचलून खुर्चीवर टाकला
आणि टेबलावर
रुमाल उलगडेल एवढी जागा केली.