स्वल्पविरामाएवढी

डरहममध्ये टायरच्या दुकानामागे, पार्किंगच्या मधोमध
एक ओक आहे. चहूकडून डांबर.
ओडेसा पेटिफोर्ड दर सोमवारी येते,
शिडी टेकवते, भिंग काढते,
डहाळीच्या एका वितीवर किती खवले, ते मोजते.

एकशे बारा.
तपकिरी, फुगीर, अख्ख्या मसुरासारखे.
कुठे जायचं नाही, यायचं नाही,
तोंड खुपसून झाडाचा रस ओढत बसायचं, बस.

खालून दुकानदार ओरडतो,
"गिऱ्हाइकांच्या काचांवर चिकटा पडतोय, बाई.
कापून टाका एकदाचं!"
ती लिहून घेते : चिकटा. पानांवर काजळी.
पारा, साडेतीन अंश जास्त.
(माणसाच्या अंगात एवढा चढला
तर घरचे मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतात.
झाडाला कपाळ कुठलं?)

मग ट्रक जुन्या दफनभूमीकडे.
तिथे ओकांच्या सावलीत ओकच, खाली ओलसर पाचोळा,
तिच्या मावशीचा दगडही तिथेच.
"काय गं, बरी आहेस ना?" म्हणून ती डहाळी वाकवते.
वितीवर नऊ.
त्यातल्या सातांच्या पाठीला सुईने पाडल्यासारखं
गोल, नीटस छिद्र.

ही तिची खूण.
स्वल्पविरामाएवढी गांधीलमाशी,
जिला डंख मारायला माणूस लागत नाही;
खवल्याच्या पोटात वाढते,
आणि त्याने अंडी घालायच्या आत त्याला संपवून
भोक पाडून बाहेर पडते.
हिच्या नावाने कुणी तक्रार करत नाही,
त्यामुळे ही कुणाला माहीतही नाही.

ओडेसाला आधी वाटायचं, पार्किंगमध्ये ती येतच नसावी.
उन्हाला भ्याली असेल. वाट चुकली असेल.

पुढच्या सोमवारी तिने नखाने एक खवला उचकटला.
पाठीला छिद्र होतं.
अगदी तसंच, गोल, नीटस.
आली होती तर.
नेहमीच्याच तारखेला, नेहमीसारखीच.

पण आत नुसती पांढरी भुकटी,
अंड्यांची रिकामी टरफलं.
पिल्लं केव्हाच पानोपानी पसरली होती.
डांबराने यांची तारीख अलीकडे ओढली होती,
तिला कुणी कळवलं नव्हतं.

दुकानदार शिडीखाली येऊन उभा राहिला,
"काय लिहिताय एवढं?"

"उशीर," ती म्हणाली,
आणि वर बघत राहिली.
नारिंगी रंगाचा डबा
ट्रकमध्येच होता.