खूणगाठ

भिंतीत एक खिडकी आहे, पोळपाटाएवढी.
पलीकडे ऑपरेशन थिएटर, अलीकडे मी.
सव्वाअकराला मोरजे ट्रे सरकवतो:
"डिमेलो, फिलोमिना. चोपन्न. डावी बाजू. फ्रोझन."
आणि जातो, स्लीपर फटफटवत.

ट्रेमध्ये मांस आहे. मी दुसरा शब्द वापरत नाही.
सर्जनने त्यात दोन टाके घालून ठेवलेत.
आखूड दोरा म्हणजे वर, गळ्याकडे,
लांब दोरा म्हणजे बाहेर, काखेकडे.
नाहीतर बाईपासून सुटलेल्या तुकड्याला
कुठली आलीय दिशा?
खूणगाठ कशाला म्हणतात
ते मला परळला नोकरी लागल्यावर कळलं.

मी कडांना शाई लावते,
आई उंबऱ्याला रंग द्यायची तशी, ओघळ न येऊ देता.
रोग शाईपर्यंत पोचला असेल तर आणखी कापायचं.
नसेल तर शिवायचं.

सुरी फिरते तेव्हा आधी हाताला कळतं.
पेरू चिरताना बियांवर होते ना करकर, तशी.
(पेरू मी अजून खाते, तिखटमीठ लावून.
सगळे विचारतात म्हणून सांगितलं.)

मग उणे पंचवीसवर गोठवायचं,
पापुद्रा काचेवर घ्यायचा श्वास धरून.
उसासा टाकला तरी त्याची गुंडाळी होते.
डॉक्टर दुमसिया डोळे टेकवतात,
टेबलाखाली त्यांचा एक पाय हलत राहतो.
पलीकडे बाई झोपलेली, उघडी,
सर्जन हात छातीशी धरून उभा,
आणि खाली जिन्यात एक माणूस,
सगळे कागद रेशनच्या पिशवीत घालून.
वीस मिनिटं.

पाय थांबतो.
"कडा साफ. काखेतल्या दोन गाठी, त्या पण साफ."
फोन लागेपर्यंत, मिनिटभर,
अख्ख्या मुंबईत हे आम्हा दोघांनाच ठाऊक असतं.
त्या मिनिटाचं काय करायचं
मला एकोणीस वर्षांत जमलेलं नाही.
कधी कधी मी नळ घट्ट करते.

त्याच दुपारी एक बरणी आली, तिची घाई नव्हती.
ऋजुता तोरसकर, वय वीस.
सोललेल्या ताडगोळ्यासारखी गाठ,
गुळगुळीत, आपल्याच कोशात बसलेली, कुणाच्या वाटेला न जाणारी.
बोटाखालून गोटीसारखी पळायची म्हणे.
आई तीनदा दाराशी आली.
रिपोर्ट बुधवारी. सही डॉक्टरांची. मी कोण सांगणारी?
"जेवून घ्या," म्हटलं.
"कॅन्टीनची वालाची उसळ बरी आहे आज."
तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ.
मग गेली. जेवली असावी.

अडीच महिन्यांनी
फिलोमिनाबाई स्वतः आल्या, ब्लॉक आणि काचा न्यायला.
किरणं दुसरीकडे घेणार होत्या.
एवढ्या वर्षांत माझ्याकडे नावं आली, वयं आली,
डावी-उजवी आली.
उंची पहिल्यांदाच आली, आणि आवाज.
त्यांनी काच ट्यूबलाइटकडे धरली.
"गुलाबी आहे की मी!
आणि त्या दोन दिवसांत लघवी निळी होत होती.
मी म्हटलं, झालं, संपलं.
तर सिस्टर हसतायत,
म्हणे गाठ शोधायचा रंग तो."

"काखेत काय निघालं हो? कुणी नीट सांगत नाही."
मी रिपोर्टवर बोट ठेवलं. दोनांपैकी शून्य.
"निर्मळ," म्हटलं.
"आमच्या गावाचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"
मी सांगायला गेले, मग राहू दिलं.

पिशवीतून त्यांनी पुडा काढला.
घरची सुकेळी, वाळल्या पानात, सुतळीने बांधलेली.
रजिस्टरवरच ठेवला.
गाठ चांगलीच आवळलेली होती,
माझा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला.
"कात्री कशाला?" त्या म्हणाल्या.
"नखाने सुटते. थांबा, मी देते."