गाडी सुटायला चार मिनिटं

वेकफिल्डच्या ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूममध्ये
एकोणीस वर्षं माझ्या कानात
कुणाचा ना कुणाचा श्वास अडकलेला असायचा.
डॉक्टरांनी लिहून दिलं : सहा आठवडे समुद्र.

व्हिटबीला समुद्र आहे. भरपूर आहे.
घरमालकीण मॉरीन रोज विचारते, झोप लागली?
लागली, म्हणते मी.
पहाटे तीनला किटली ठेवून
उकळी फुटेपर्यंतचे सेकंद मोजते,
जणू उशीर झाला तर कुणी दगावेल.

मंगळवारी फोनवर निरंजनशी भांडले
गॅसच्या बिलावरून.
बिल भरलेलं होतं. मीच भरलं होतं.
पण भांडून झाल्यावर
बोटांना मुंग्या, जिभेवर लोखंडाची चव,
आणि इतकं बरं वाटलं
की पडदा ओढून घेतला.

आमच्या आप्पांची तपकिरीची डबी
आई तांदळात लपवायची.
शिंक येत नाही म्हणून आप्पा
दिवसभर घर डोक्यावर घ्यायचे.
माझी डबी
कुठल्या तांदळात पुरायची, आई?

आज परतीची गाडी.
बॅग कालपासून दाराशी.
तरी बंदरावर बसून राहिले,
एका सीगलला चिप्स
तोडून तोडून देत,
चार मिनिटं उरेपर्यंत.
मग सुटले. काय धावले!

फलाटावर पाटी : चाळीस मिनिटं उशीर.

बाकावर बसले. छातीतलं घोडं
कुणी न बसवताच धापा टाकतंय.
धुक्यात रूळ, एक म्हातारा, त्याचं कुत्रं,
सगळे निवांत.

फोन काढला.
निरंजन, म्हटलं,
त्या बिलाचं काय झालं?